पयले पानी पे

"नागरिकांनो, सावधान! कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हणजेच नवतपा, सुरू झालेला आहे. दुपारी बारा ते चार या वेळेत घराबाहेर..."

"कॉक् कॉक् कॉकॉक्!"

"शी! पुन्हा!" मी मोबाइल खाटेवर आपटला. "मोठाई, तुझ्या त्या बुटकीला आवर न! इथं लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"तिले का समजते," मोठाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "अंडं घातलं न तिनं. ते सांगून राह्यली साऱ्या गावाले. तुयासारखीच."

दारात उकिडवा बसलेला गुलाबकाका पोट धरून हसायला लागला. हसताना त्याचे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं तांबूस काळे झालेले दात दिसले. आमच्या चिंचपारमध्ये कुणाची बकरी हरवो, ग्रामसभा असो की स्वस्त भांड्यांचा सेल लागो, गुलाबकाकाचा ऑटो वर दोन भोंगे बांधून गल्लीगल्लीतून फिरणार. पण वर्षानुवर्षं बोंबलून आणि खर्रा चघळून त्याचा घसा असा झाला होता, की "मोफत" म्हटलं तरी लोकांना "मरत" ऐकू यायचं. आरोग्य खात्याच्या कामाला तो आवाज चालेना. म्हणून आशाताईंनी माझं नाव सुचवलं. आशाताई म्हणजे वर्षा निकुरे, आमच्या गावची आशा सेविका. सव्वीस जानेवारीचं माझं भाषण त्यांनी ऐकलं होतं.

आणि मी काय हो! नववीचा निकाल लागलेला, सुट्टी चालू, आणि त्या भाषणापासून माझी जीभ अशी सुटली होती, की आई म्हणायची, हिला आता झाकण लावा कुणीतरी.

हे मुद्दाम सांगते, कारण त्याआधी मला शाळेत "मुक्की" म्हणायचे. मुक्की आचल. हजेरीला "हजर" म्हणायलाही माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, नुसता हात वर करायचे. आठवीत असताना एकदा मोठाई शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला गेली आणि येताना माझ्यासाठी नवस बोलून आली. पोरीचं तोंड उघडू दे, म्हणे, मी तिखट सोडते.

मोठाई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको, पार्बताबाई लेनगुरे. मोठे बाबा वारल्यापासून आमच्याच अंगणातल्या मागच्या मातीच्या खोलीत एकटी राहायची. मूलबाळ नाही. बुटकी नावाची कोंबडी, दातांना लावायच्या गुडाखूची, तंबाखूच्या मशेरीची, गोल डबी आणि मी, एवढा तिचा संसार. आणि ती तिखट सोडणार म्हणजे काय! हिरव्या मिरच्यांचा ठेचा भाकरीपेक्षा जास्त खाणारी बाई. पण त्या दिवसापासून तिनं मिरचीला हात लावला नाही. आईनं झणझणीत भाजी केली की मोठाई आपली मठ्ठा-भात कालवून घ्यायची. देवाचं होतं ते. कुणी आग्रहही करत नसे.

आणि पुढच्याच सव्वीस जानेवारीला मी बोलले. माइकवर. न अडखळता. घरी येऊन मोठाईच्या गळ्यात पडले तेव्हा ती म्हणाली, "पावला न मार्कंडा!"

तर रेकॉर्डिंगसाठी तिचीच खोली निवडली, कारण जाड मातीच्या भिंती, थंडावा, आणि बाहेरचा आवाज कमी. आतल्या आवाजाचं मात्र काही करता येईना.

"चाल पोरी, मोबाइल घे," गुलाबकाका म्हणाला. "बुटकीले मी धरतो."

मी पाठ केलेलं पुन्हा सुरू केलं. आशाताईंनी वरून आलेले दोन निरोप जोडून दिले होते, आधी उन्हाचा, मग शिबिराचा. "दुपारी बारा ते चार या वेळेत घराबाहेर पडू नका. डोक्याला दुपट्टा बांधा. भरपूर पाणी, मठ्ठा, पन्हं प्या. तसेच येत्या गुरुवारी, जिल्हा परिषद शाळेत, सकाळी दहा ते दुपारी तीन, कॅन्सरची मोफत तपासणी आहे. तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, तिखट खाल्ल्यावर आग होणे..."

खण्णकन आवाज झाला. मोठाईच्या हातून झाकणी पडली होती.

"मोठाई!"

"निसटली व. घामेजला हात." ती झाकणी उचलून तशीच हातात धरून बसली. मग म्हणाली, "तो शब्द जरा हळू म्हन न. कॅन्सर कॅन्सर. माह्या घरात काऊन बोंबलते?"

"भोंग्यावर हळू कसं म्हणणार?"

"मंग म्हन बाप्पा."

पुन्हा सुरू केलं. या वेळी बुटकी गप्प, झाकणी गप्प, गुलाबकाका श्वासही घेईना. मी शेवटपर्यंत गेले. "आपली तपासणी, आपल्याच हाती!" शेवटचा शब्द असा लांबवला, की मला स्वतःलाच काटा आला. आणि मोबाइलचं बटण दाबणार, तेवढ्यात मागून, अगदी स्पष्ट:

"झालं का? घसा सुकला असन. पयले पानी पे."

मी कपाळावर हात मारला. गुलाबकाकानं मात्र मोबाइल हिसकावून घेतला. "असू दे!"

"अरे काय असू दे काका!"

"उन्हाचंच सांगून राह्यलो न आपन? मंग? एवढ्या भाषणात कामाची गोष्ट एकच हाय, आन ते हिनं सांगतली. एकबी शब्द कापाचा नाई."

मोठाईनं पदर तोंडाला लावला. लाजली होती. पाण्यानं भरलेला पितळी गडवा माझ्या पुढ्यात ठेवून ती कोंबडी हाकलायला बाहेर गेली.

दुसऱ्या दिवसापासून गावात जे सुरू झालं, ते काय सांगू! ऑटो गल्लीत शिरला की माझा आवाज, एकदम करारी, आणि शेवटी मोठाई. पोट्टे वाटच बघत बसायचे. "आपल्याच हाती!" झालं रे झालं, की सगळी गल्ली एका सुरात: "पयले पानी पे!" पानठेल्यावर कुणी उधारी मागितली, की उत्तर, पयले पानी पे. नवरा-बायकोचं भांडण जुंपलं, की शेजारचा भिंतीवरून, पयले पानी पे. मी रस्त्यानं निघाले की बाया म्हणायच्या, "आली बाई भोंग्यावाली." मी मान अशी ताठ करून चालायचे, की दुपट्टा सांभाळायचंही भान नसे.

मोठाई वरवर चिडायची. "मले तं विहिरीवर जाचीबी सोय ठेवली नाई या गुलाबनं." पण ऑटो आमच्या दाराशी आला, की हातातलं काम थांबवून ऐकायची. स्वतःचा आवाज आला की खुदकन हसायची. तोंड मिटूनच. अलीकडे ती तोंड मिटूनच हसत असे.

गुरुवार उजाडला. मी आठ वाजल्यापासून शाळेत. माझ्याकडे जीवनजल वाटायचं काम होतं, मीठ-साखरेचं पाणी. पांढरी गाडी आली, त्यातून एक तरुण डॉक्टरबाई आणि एक नर्स उतरल्या. वर्गातल्या बाकांवर चादरी घातल्या, टॉर्च, हातमोजे मांडले. आणि मग आम्ही वाट बघत बसलो.

पुरुष आले थोडेफार. खर्रा थुंकून, चूळ भरून, एकमेकांना कोपरखळ्या मारत. बाया जवळजवळ नाहीतच.

"असं कसं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "दवंडी नीट दिली होती ना?"

मला तो अपमानच वाटला. "गावात झोपलेल्या म्हशीलासुद्धा पाठ झालीय, मॅडम."

आशाताईंनी घाम पुसला. "सकाळी साऱ्या जणी तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसतात, मॅडम. मोकळ्या होतात अकराला. जेवून खाऊन येतील बघा."

अकरा वाजले. साडेअकरा. शाळेच्या पत्र्यावर ऊन असं तापलं, की आतल्या वर्गात भट्टीसारखं होत होतं. कुणीच येईना. डॉक्टरबाई वहीनं वारा घेत म्हणाल्या, "निदान तुमच्या घरच्या तरी आणा कुणी."

मला एकदम चेव आला. मी दुपट्टा डोक्या-तोंडाला गुंडाळला आणि पळत सुटले. आई सकाळीच तपासून घेऊन गेली होती. राहिली मोठाई. तिला कुठलाच आजार नव्हता म्हणा. पण तिला बघून चार जणी आल्या असत्या. भोंग्यावाली मी होते, तर दुसरी ती होती न!

मोठाईनं दार आतून लावून घेतलं होतं. मी धडधडवलं.

"मोठाई, चल. डॉक्टर आलेत."

"येवढ्या उन्हात?" आतून आवाज आला. "कोठी जाऊ? बारा वाजले."

"मग?"

"बारा ते चार घराबाहेर पडू नका. तूच तं सांगते रोज."

मी उंबऱ्याबाहेर गारच पडले, तेही नवतप्यात. खरंच की! माझ्याच तोंडून, दिवसातून इतक्यांदा. आधी म्हणायचं बारा ते चार बाहेर पडू नका, आणि दुसऱ्या श्वासात, दहा ते तीन शिबिराला या. आशाताईंना कळलं नाही, गुलाबकाकाला नाही, मला तर नाहीच. साऱ्या गावानं आमचं भक्तिभावानं ऐकलं होतं आणि दारं लावून घेतली होती.

"मोठाई, ते वेगळं, हे वेगळं!"

"आवाज तं एकच हाय."

"तू परवापर्यंत तेंदूच्या पानाला जंगलात जात होतीस. तेव्हा नाही लागलं ऊन?"

"तवा तू सांगतलं नोतं."

मी खिडकीशी गेले. मोठाई खाटेवर बसली होती, पाय वर घेऊन, बुटकी मांडीवर. मला बघून तिनं नजर वळवली. हे मला विचित्र वाटलं. मोठाई कधी नजर वळवायची नाही.

"तू घाबरतेस का?"

"मी? काहाले भेऊ? मले का झालं?"

"मग चल. तोंडात टॉर्च मारतील, झालं. पाच मिनिटं."

"नोको म्हनलं न व."

आता माझ्याकडे एकच हत्यार होतं. ते मी काढलं. "ठीक आहे. तू नाही आलीस, तर मी आजपासून बोलणारच नाही. पुन्हा मुक्की. तुझा नवस वाया. मार्कंड्याला जाऊन सांग, परत घे म्हणून." आणि मी ओठ घट्ट मिटून खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले.

बुटकी तेवढी कुरकुरत होती. मोठाई माझ्याकडे बघत होती. मग तिनं कोंबडी खाली सोडली, कडी काढली आणि दारात आली. ऊन लागू नये म्हणून कमरेला एक कांदा खोचला, डोक्यावर ओला पंचा घेतला.

"नवसाचं असं तोंडानं बोलाचं नसते," ती हळूच म्हणाली. "चाल."

शाळेच्या फाटकाशी आलो तर काय! बाक पुन्हा रांगेत लागलेले, वर्गाला कुलूप, आणि पांढरी गाडी धूळ उडवत नाक्याकडे निघालेली. आशाताई एकट्या व्हरांड्यात.

"अगं, फोन आला वरून! उन्हात शिबिरं चालवू नका म्हणे, बाराच्या आत आटपा. त्या गेल्या."

मोठाई म्हणाली, "पाय न, देवाच्याच मनात नाई." आणि ती वळलीसुद्धा. तिच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. त्या सुटकेचाच मला राग आला.

कडुनिंबाखाली गुलाबकाकाचा ऑटो उभा होता. काका आत आडवा होऊन घोरत होता. मी ऑटोत उडी मारली, माइक ओढला, बटण दाबलं.

"थांबा! पांढरी गाडी, थांबा! मी आचल लेनगुरे बोलते आहे! पेशंट आहे! पार्बताबाई लेनगुरे तपासणीला आलेल्या आहेत! पार्बताबाई लेनगुरे! गाडी थांबवा!"

गुलाबकाका दचकून उठला आणि त्याचं डोकं वरच्या दांडीला आपटलं. गावातली दारं उघडली. खिडक्यांत तोंडं दिसली. नाक्यावर गाडीचे मागचे लाल दिवे लागले आणि ती थांबली.

"साऱ्या गावात माहं नाव लावलं व भोंग्यावर," मोठाई भिंतीला टेकून पुटपुटली. "आता मेले तरी कोनाले सांगाची गरज नाई."

गाडी मागे आली. डॉक्टरबाई उतरल्या त्या थोड्या चिडूनच, पण मोठाईला बघून त्यांनी बाजूचं स्टूल व्हरांड्यात ओढलं. "बसा मावशी. पंचा काढा. तोंड उघडा बरं."

मोठाईनं तोंड उघडलं.

"अजून."

"येवढंच उघडते."

"बोटं घाला. तुमची तीन बोटं, अशी उभी, एकावर एक."

मोठाईनं बोटं नेली. दोन गेली. तिसरं ओठांवर अडलं. डॉक्टरबाईंनी टॉर्च लावला. गाल बोटानं बाजूला केला, जीभ उचलली. मी खांद्यावरून बघायचा प्रयत्न करत होते. त्यांनी जीभ सोडली नाही. टॉर्च तिथंच, एकाच जागी, खूप वेळ.

"गुडाखू लावता?"

"हाव. लहानपनापासून."

"तिखट चालतं?"

मी लगेच पुढं झाले. एवढं तर मला माहीत होतं, आणि सांगायला केवढा अभिमान! "मॅडम, ती तिखट खातच नाही. नवस आहे तिचा. माझ्यासाठी सोडलंय. मी आधी बोलायचेच नाही न, तर तिनं मार्कंड्याला..."

"कधी?"

"मागच्या नाही, त्याच्या मागच्या शिवरात्रीला."

डॉक्टरबाईंनी टॉर्च विझवला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मावशी, नवस बोललात तेव्हा तिखट झोंबत होतं का? आधीपासून?"

गुलाबकाका डोकं चोळता चोळता थांबला. मोठाईनं डॉक्टरबाईंकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"हाव," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले, आशाताईंना बाजूला नेलं. मला तेवढंच ऐकू आलं, "या आठवड्यातच न्या. नागपूरला. वाट बघू नका."

घरी जाताना गुलाबकाका म्हणाला, सोडतो. मोठाई नको म्हणाली. आम्ही दोघी चालत निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं. माझ्या तोंडातून, बघा, माझ्या तोंडातून एक शब्द निघेना.

शेवटी मीच विचारलं. "मोठाई, नवस खोटा होता?"

"खोटा कसा असन?" तिनं ओला पंचा पुढं ओढला. तो एव्हाना वाळला होता. "तोंड जलतच होतं. ठेचा खाल्ला का डोयात पानी. मंग जत्रेत उभी राह्यली तं मनात आलं, हे सुटूनच राह्यलं हातातून, तं देवाले तरी देऊन टाकू. फुकट काऊन जाऊ द्याचं? तुयासाठी मांगाचंच होतं मले काहीतरी."

"तू सांगायचं न कुणाला!"

"का सांगू? नवस हाय म्हनलं का कोनी विचारत नाई." थोडं चालून ती म्हणाली, "पन तू बोलली न? झालं तं मंग."

नागपूरला जाताना तिनं आपला पितळी गडवा सोबत घेतला होता. दवाखाना मोठा, गर्दी खूप. आजार जिभेच्या मुळाशी गेला होता, जबड्यातही. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना कागदावर चित्र काढून दाखवलं, कुठून कुठवर कापावं लागेल ते. मोठाईनंही ते चित्र पाहिलं. आत नेताना स्ट्रेचरवरून तिनं मला बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगणार. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"बुटकीले सांजेले कोंडत जाजो. मांजर येते."

हे तिचं शेवटचं बोलणं.

बाहेर आली तेव्हा अर्धा जबडा नव्हता, जीभ जवळजवळ नव्हती, नाकातून नळी होती. घरी आल्यावर आई त्या नळीतून दूध, वरणाचं पाणी सोडायची. मोठाई अंगणात खाटेवर बसून राहायची, पदर गालावरून ओढून. काही हवं असलं की खाटेच्या पाटीवर, कडेच्या लाकडावर, बोटानं टकटक करायची. मी दहावीला होते. रोज शाळेतून आले, की दिवसभराचं सगळं तिच्यापुढे ओतायचे, सरांच्या नकला, मुलींची भांडणं. ती ऐकायची. कधी कधी खांदे हलायचे तिचे. म्हणजे हसत होती. आणि गावात आता कुणी "पयले पानी पे" म्हणत नव्हतं. मोठाईला बघून तोंडातल्या तोंडात गिळून टाकायचे.

पुढच्या मे महिन्यात गुलाबकाका आला. ऑटो लांब उभा करून चालत आला. खर्रा सोडला होता त्यानं, दात तसेच होते.

"आचल, पोरी," तो अंगणात घुटमळत म्हणाला, "शिबिर हाय. यंदा सकाळी सात ते दहा. आशाताईनं सांगतलं, जुनं चालनार नाई, नवं पाहिजे." मग आवाज खाली आणून, "तू शाळेतच करते का? आपन इथं नको."

खाटेच्या पाटीवर टकटक झाली. मोठाईनं बोट उचलून मागच्या खोलीकडे दाखवलं.

मग आम्ही तिथंच बसलो. मी खाटेवर, गुलाबकाका दारात. मोठाई चुलीपाशी, जिथं बसायची तिथं. बुटकी तिच्या मांडीवर, चोचीवर हात ठेवून गप्प केलेली. मी बटण दाबलं आणि बोलले. सकाळी सात ते दहा. न भरणारी जखम, पांढरा चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे. "तिखट खाल्ल्यावर आग होणे" तिथं माझा आवाज हलला असता. मोठाईनं माझ्याकडे बघून मान हलवली. म्हण. मी म्हटलं. एका दमात शेवटपर्यंत गेले. कुठंही चूक नाही, कोंबडी नाही, झाकणी नाही.

"आपली तपासणी, आपल्याच हाती."

आणि मग शांतता. मी बटण बंद करायला हवं होतं. गुलाबकाकानंही खूण केली नाही. आम्ही दोघंही कशाची तरी वाट बघत होतो, जे येणार नव्हतं.

मोठाई उठली. भिंतीला धरत माठाशी गेली. गडवा भरला. नळीला धक्का लागू नये म्हणून मान वाकडी धरून, सावकाश चालत माझ्यापाशी आली आणि तो गडवा माझ्या पुढ्यात ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. जमिनीवरच्या फरशीच्या तुकड्यावर पितळ असं वाजलं, टण्ण!

गुलाबकाकानं मोबाइल उचलला, बटण बंद केलं. खोलीबाहेर जाऊन नाक शिंकरत उभा राहिला.

ती त्या दिवाळीच्या आधी गेली. गावाला कळवायला भोंगा लावावा लागला नाही. ती म्हणाली होती तसंच झालं.

आता मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुलाबकाका दरवर्षी नवीन पोरीकडून करून घेतो म्हणतो आणि दरवर्षी तेच रेकॉर्डिंग लावतो. वेळ बदलत नाही, सकाळी सात ते दहा, आणि बाया येतात. काल ऑटो आमच्या गल्लीत शिरला, तेव्हा मी दारात भाजी निवडत होते. माझा आवाज आला. थोडा लहान वाटतो आता. आपली तपासणी, आपल्याच हाती. मग जराशी खरखर. मग टण्ण!

आणि कोपऱ्यावर खेळणारी पोट्टी, ज्यांच्यातल्या धाकट्यांनी मोठाईला कधी पाहिलंही नाही, हातातला खेळ टाकून एका सुरात ओरडली:

"पयले पानी पे!"